दार लावून सांगितलेलं

"त्या बाईची नोकरी गेली पाहिजे," खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली. "मला दुसरं काही नको."

ती रुग्णालयात नर्स होती. पाळी संपवून तशीच आली होती, अंगावर अजून गणवेश होता. वहिनींनी तिला बसायला सांगितलं आणि भावजींनी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो हातात घेतला, पण पाणी प्यायली नाही.

वहिनी खाजगी तपास करत. उंच, काटकुळ्या, साठीला टेकलेल्या. गल्लीत त्यांना मागून टाचणी म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. बसचालक म्हणून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींची गाडी चालवत. समोरचा जे सांगेल ते त्यांना खरं वाटे. तपासात याचा फार उपयोग होतो, असं वहिनी म्हणत; का, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

नर्सने सांगितलं ते असं. तिची मुलगी सरकारी शाळेत सातवीत होती. काही महिन्यांपूर्वी मुलीने शाळेच्या समुपदेशक बाईंना एक गोष्ट सांगितली. आई रात्रपाळीला गेली की घरात राहणारा मामा तिला कोंडून ठेवायचा.

"आमच्या स्वयंपाकघराच्या वर माळा आहे," नर्स म्हणाली. "जुन्या गाद्या ठेवलेल्या. तिथे चढवायचा आणि शिडी काढून घ्यायचा. स्वतः मित्रांना बोलावून बसायचा. माझा सख्खा भाऊ."

बाईंनी आईला बोलावून सगळं सांगितलं. आईने त्याच दिवशी भावाला घराबाहेर काढलं. मुलगी हळूहळू हसू-बोलू लागली. त्या दोघी आणि बाई सोडून कोणाला काही कळलं नाही.

मग गेल्या आठवड्यात भाषेच्या तासाला ते झालं. शाळेत 'सोबती' नावाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कार्यक्रम होता. मुलं त्याला प्रश्न विचारत, तो उत्तरं देई. भाषेच्या शिक्षिकेने मोठ्या पडद्यावर त्याला 'भीती' या विषयावर छोटी गोष्ट लिहायला सांगितली. सगळ्या वर्गासमोर पडद्यावर जे आलं, त्याचा एका मुलाने फोटो काढला होता. तो आता सगळीकडे फिरत होता. नर्सने फोन पुढे केला आणि भावजींनी वाचून दाखवलं.

"एक मुलगी होती. तिची आई रुग्णालयात रात्रपाळी करायची. आई गेली की मामा तिला मळ्यात कोंडायचा आणि शिडी काढून घ्यायचा. मळ्यात अंधार असायचा. अंधाराला जुन्या गाद्यांचा वास यायचा. मुलगी झग्याची बटणं चाचपत बसायची. वरून खाली, खालून वर."

वर्गात आई नर्स असलेली एकच मुलगी होती. घाबरली की बटणं चाचपणारीही तीच. कोणीतरी मागे वळून पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. त्या वेळीही तिचा हात बटणांवर होता. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव 'मळ्यातली' पडलं. तिसऱ्या दिवसापासून ती शाळेत गेली नव्हती.

"बाईंनीच ते यंत्राला सांगितलं," नर्स म्हणाली. "दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हतं. मुख्याध्यापकांनी त्यांना निलंबित केलंय, पण तेवढ्यावर मी थांबणार नाही. वर्तमानपत्रात जाईन म्हटल्यावर ते म्हणाले, खुशाल चौकशी करून घ्या. म्हणून तुमच्याकडे आले."

"खुशाल म्हणाले?" वहिनींनी विचारलं.

"हसून म्हणाले."

दुसऱ्या सकाळी नर्सच्या घरी मुलीला भेटायला वहिनी एकट्याच आत गेल्या. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. वहिनींनी तिची समजूत घातली नाही, की डोक्यावरून हात फिरवला नाही. फक्त विचारलं, हे तू किती जणांना सांगितलंस.

"एकदाच. बाईंना." तिने पुढे सांगितलं, "दार लावलं होतं."

"बाई लिहून घेत होत्या?"

"नाही. माझ्याकडे बघत होत्या." मग ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, संताप होता. "बघत होत्या म्हणून मी सगळं सांगितलं."

समुपदेशक बाई घरी सापडल्या. पस्तिशीच्या असतील. चार दिवस झोप नसल्यासारखा चेहरा. मुलांशी बोलताना आपण कधीच काही लिहीत नाही आणि 'सोबती' तर वापरतच नाही, असं त्यांनी सांगितलं. मुख्याध्यापकांना त्यांनी नियमाप्रमाणे एवढंच कळवलं होतं की मुलीला घरी त्रास होता आणि तो मिटला. कोण, कुठे, कसं, यातलं काही नाही.

खोलीबद्दल वहिनींनी बारकाईने विचारलं. मोठं टेबल, चार खुर्च्या, एक कपाट, कपाटाच्या वर भिंतीला एक पांढरी गोल डबी. ती घंटेसाठी आणि सूचनांसाठी आहे, सगळ्याच खोल्यांत बसवल्या आहेत, असं बाई म्हणाल्या. खोली पूर्णपणे त्यांची नव्हती. शाळेची सुरक्षित वापर समिती तिथेच भरे, कारण मोठं टेबल तिथेच होतं.

"तुम्ही त्या समितीत?"

"नाही. त्यांची सभा असली की मला बाहेर व्हरांड्यात बसायला सांगतात." बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मुलांसाठी यंत्र सुरक्षित कसं करायचं ते ठरवायला माझीच खोली लागते, पण मी लागत नाही. मी विचारलं होतं, मुलं यंत्राशी मनातलं बोलायला लागली तर काय करायचं? उत्तर आलं नाही. आता त्या मुलीला वाटतंय मी तिला विकलं. मला भेटायचीही बंदी आहे."

परतताना भावजी म्हणाले, बाई खऱ्या वाटतात. वहिनी म्हणाल्या, तुम्हाला कालची नर्सही खरी वाटली होती. भावजींनी विचार करून सांगितलं, तीही खरीच होती.

"होय," वहिनी म्हणाल्या. "हीच तर अडचण आहे."

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. फाटकातून आत शिरताच मोठा फलक होता: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षित वापराचे नियम. पहिलाच नियम ठळक अक्षरांत होता: मुलांची खाजगी गोष्ट यंत्राला सांगू नये. खाली मुख्याध्यापकांची सही, समितीचे अध्यक्ष म्हणून.

मुख्याध्यापक इस्त्रीच्या शर्टातले, गोड बोलणारे गृहस्थ होते. पुढच्या आठवड्यात शिक्षण खात्याची मंडळी शाळा पाहायला येणार होती. शाळा पसंत पडली तर बाकीच्या शाळांनी तिचा कित्ता गिरवायचा होता. त्यांच्या बोलण्यात मुलीपेक्षा ही मंडळीच जास्त वेळा आली.

"मला तपशील कधीच सांगितले गेले नाहीत," ते म्हणाले. "मी विचारलेही नाहीत. खाजगीपणा जपायला हवा. पण तुम्हीच बघा, यंत्र हजारो गोष्टी वाचून नवी गोष्ट रचतं. आई कामावर, घरात दुष्ट मामा, माळ्यावर कोंडलेली पोर. यात जगावेगळं काय आहे? योगायोग असेल. आणि योगायोग नसेल तर बाईंनी काहीतरी केलं. शाळेचा दोष दोन्हीकडून नाही."

वहिनींनी मान हलवली. समितीत काय ठरतं ते कोण लिहून ठेवतं, असं त्यांनी सहज विचारलं. मुख्याध्यापक खुलले. कोणीच नाही, ते अभिमानाने म्हणाले. आपण फक्त बोलायचं. सभा संपेपर्यंत इतिवृत्त तयार. त्यांनी मागच्या सभेचं इतिवृत्त पडद्यावर उघडून दाखवलं. भावजी ते मन लावून वाचू लागले आणि एका ओळीवर अडखळले.

"मुलांना खडक शिस्त लावावी," त्यांनी वाचलं. "म्हणजे काय हो?"

"कडक. कडक शिस्त. किरकोळ चुका होतात, आम्ही दुरुस्त करतो."

वहिनी हसल्या नाहीत. बाकीच्यांशी बोलायला बसायला जागा मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मुख्याध्यापकांनी बाईंची रिकामी खोली उघडून दिली.

खोलीत शिरल्यावर वहिनींनी दार लावून घेतलं, खुर्चीत टेकल्या आणि भावजींना एक गोष्ट सांगू लागल्या. त्यांच्या आत्याकडे म्हणे एक पोपट होता. एका पायात लाल मोजा घालायचा. पाहुणे आले की शिंकायचा आणि पाहुणे जाईपर्यंत शिंकत राहायचा.

"तुमच्या आत्याकडे पोपट कधी होता?" भावजींनी विचारलं. "त्यांना तर पक्ष्यांची भीती वाटायची."

"होता हो," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या. "चला. इथे कोणाशी बोलायचं नाही."

भाषेच्या शिक्षिकेला त्यांनी व्हरांड्यात गाठलं. ती रडकुंडीला आली होती. आपण फक्त 'भीती' एवढाच शब्द दिला होता, असं तिने परत परत सांगितलं. गोष्ट वाचताना तिला पहिल्यांदा हसूच आलं होतं. मळ्यात शिडी कशाला, यंत्राने काहीतरी भलतंच लिहिलंय, असं तिला वाटलं. मग तिने मुलीचा चेहरा पाहिला.

संगणकाचे शिक्षक तरुण, तिरसट, पण सरळ होते. मळ्याचं कोडं त्यांनाही सुटलं नव्हतं. मुलीच्या नात्यात कोणाचा मळा आहे का, याची चौकशीही त्यांनी केली होती. वहिनींनी पांढऱ्या डब्यांबद्दल विचारलं. घंटा, सूचना, आणि सभेच्या खोलीतली डबी इतिवृत्तासाठी ऐकते आणि रेकॉर्डिंग ठेवते, असं ते म्हणाले. फक्त सभेपुरतं. ती सुरू-बंद करायची सोय मुख्याध्यापकांच्या फोनवर होती.

"आणि ते इतिवृत्त मुलांच्या सोबतीला दिसतं?"

सुरुवातीला दोन्ही वेगळी ठेवली होती, शिक्षक हळू आवाजात म्हणाले. मग सरांना वाटलं की सोबतीला आपल्या शाळेची माहिती हवी, मंडळींसमोर तो शाळेबद्दल बोलला तर छाप पडेल. म्हणून मधला अडसर काढायला लावला. "सभांमध्ये खाजगी काही नसतं, असं सर म्हणाले. मीही मान डोलावली."

वहिनींनी त्यांना काहीच सांगितलं नाही. शाळा सुटल्यावर सगळ्यांना सातवीच्या वर्गात जमायला सांगितलं. नर्सलाही फोन केला आणि समुपदेशक बाईंना भावजींनी गाडीतून आणलं. त्यांना पाहून नर्स उठून जाऊ लागली.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "तुमचा राग खरा आहे. फक्त पत्ता चुकलाय."

मुख्याध्यापक शिक्षकाच्या खुर्चीत बसले. वहिनी फळ्यापाशी उभ्या राहिल्या.

"पडद्यावरच्या गोष्टीत एकच चूक होती. मळा. मळ्याला शिडी नसते, मळ्यात गाद्या नसतात. मुलीला कोंडलं होतं माळ्यावर. माणूस लिहिताना माळ्याचा मळा करत नाही, कारण त्याला काय लिहायचंय ते माहीत असतं. ऐकून लिहिणारं यंत्र करतं. लहान मुलगी, दबलेला आवाज. कडकचं खडक करणारं यंत्र हेही करणारच. म्हणजे ही गोष्ट कोणी यंत्राला लिहून दिली नाही. ती यंत्राने ऐकली."

नर्सने बाईंकडे पाहिलं.

"बाईंनी ऐकवली का?" वहिनी पुढे म्हणाल्या. "गाद्यांचा वास, बटणं वरून खाली. हे नंतर आठवून सांगणाऱ्या मोठ्या माणसाचं बोलणं नाही. हे मुलीचंच आहे, तिच्याच शब्दांत. आणि ती हे एकदाच बोलली, दार लावून, एका खोलीत. त्या खोलीत तिसरं कोण होतं?"

संगणकाचे शिक्षक उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"डबी," ते म्हणाले. "पण ती फक्त सभेच्या वेळी..."

"सोबती उघडा. पोपटावर गोष्ट लिहायला सांगा."

भाषेच्या शिक्षिकेने शब्द टाकले. पडद्यावर अक्षरं उमटू लागली. भावजींनी मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"एका आत्याकडे एक पोपट होता. तो एका पायात लाल मोजा घालायचा. पाहुणे आले की तो शिकायचा आणि पाहुणे जाईपर्यंत शिकत राहायचा."

"मी शिंकायचा म्हटलं होतं," वहिनी म्हणाल्या. "आज दुपारी, त्या खोलीत, दार लावून. असा पोपट जगात नाही. एवढं सगळं झाल्यावर, एक मुलगी घरी बसल्यावर, एका बाईची नोकरी धोक्यात आल्यावरही ती डबी चालूच आहे. त्या खोलीत आजवर जे मूल रडलं, ते सगळं तिने ऐकलंय."

मुख्याध्यापक म्हणाले की हा तांत्रिक दोष आहे, डबी बंद करायची राहून गेली असेल. गैरसमज झाला याचं त्यांना वाईट वाटतं.

"राहून गेली, इथपर्यंत मी मानते," वहिनी म्हणाल्या. "निष्काळजीपणा. पण सर, काल बाईंनी मला सांगितलं की त्यांनी तुम्हाला तपशील दिले नव्हते. आज तुम्हीही तेच म्हणालात. तुमच्याकडे फक्त पडद्यावरची गोष्ट होती आणि तिच्यात मळा आहे. शाळेतलं प्रत्येक मूल मळा म्हणतं. शिक्षक मळा शोधत फिरले. तुम्ही एकटेच मला म्हणालात, माळ्यावर कोंडलेली पोर."

"शिडी म्हटल्यावर कोणालाही कळेल."

"कळलंही असेल. मग सोपं आहे. मुलगी बाईंशी बोलली त्या दिवसाचं रेकॉर्डिंग कोणी ऐकलं ते यंत्रात दिसत असेल. सर, बघता का?"

हे दुसरे सर म्हणजे संगणकाचे. ते पुढे सरसावले.

"त्याची गरज नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

पण शिक्षक थांबले नाहीत. पडद्यावर आलं ते सगळ्यांनी वाचलं. वर्गात तो प्रकार झाला त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या फोनवरून ते रेकॉर्डिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं गेलं होतं. बाईंना निलंबित केलं होतं दुसऱ्या सकाळी.

"तुम्ही ते ऐकलंत," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण भावजींनी वहिनींना एवढं चिडलेलं आजवर पाहिलं नव्हतं. "पोर रडत बोलत होती ते ऐकलंत. बाई तिच्यापाशी एकट्या आहेत, कोणी काही लिहीत नाही, हे तुम्हाला कळलं. दोष तुमच्या डबीचा आणि तुम्ही काढायला लावलेल्या अडसराचा, हेही कळलं. डबी बंद केली असती तर तुम्हाला माहीत होतं हे उघड झालं असतं, म्हणून ती चालू ठेवलीत. आणि जी एकच बाई मुलांचं ऐकून घेत होती, तिलाच बाहेर काढलंत. फाटकापाशी फलकावर सही कोणाची आहे, ते जरा जाऊन वाचा."

मुख्याध्यापक म्हणाले, शाळेची अब्रू होती. मंडळी येणार होती. एवढ्या मोठ्या कामात एखादी चूक झाली म्हणून सगळं मोडीत काढायचं का?

नर्स उठली आणि त्यांच्या टेबलापाशी गेली. "ती एखादी चूक घरी भिंतीकडे तोंड करून बसलीय," ती म्हणाली. मग ती समुपदेशक बाईंकडे वळली. बाईंनीच तिचा हात धरला. दोघींपैकी कोणीच एकमेकींना माफ वगैरे केलं नाही. त्यासाठी वेळ लागणार होता.

शिक्षण खात्याची मंडळी आली, ती शाळा वाखाणायला नव्हे, चौकशीला. डब्या उतरल्या, सोबती बंद झाला, बाई कामावर परत आल्या. मुख्याध्यापकांची गच्छंती ठरली, फक्त आदेश निघायचा होता. तोवर त्यांनी मुलीला लेखी माफीनामा पाठवतो असं कळवलं.

मुलगी नको म्हणाली. त्याआधी तिने संगणकाच्या शिक्षकांना घरी बोलावून विचारलं होतं, माझं बोलणं त्यातून निघालं का. रेकॉर्डिंग पुसलंय आणि यंत्रही बंद आहे, पण फोटो कुठे कुठे गेला ते मला सांगता येणार नाही, असं त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

"माझं सगळ्यांसमोर झालं," तिने आता आईला सांगितलं. "त्यांचंही सगळ्यांसमोर होऊ दे."

म्हणून एका सकाळी मुख्याध्यापक सातवीच्या वर्गात येऊन उभे राहिले. मुलगी तिच्या बाकावर बसली होती. मागे दाराशी आई, बाई, वहिनी आणि भावजी उभे होते. मुख्याध्यापकांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. भाषा सुरेख होती. झालेल्या प्रकाराबद्दल मनःपूर्वक खेद, प्रत्येक विद्यार्थ्याच्या भावविश्वाचा आदर, विश्वासाचं वातावरण पुन्हा उभारण्याचा निर्धार. कुठे अडखळ नाही, कुठे खाडाखोड नाही. भावजींना ते फार आवडलं.

मुलीने हात वर केला.

"सर, हे तुम्ही लिहिलंय," तिने विचारलं, "की यंत्राकडून लिहून घेतलंय?"

मुख्याध्यापकांनी कागदाकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. शेवटी त्यांनी कागदाची घडी घातली, ती टेबलावर ठेवली आणि घसा खाकरला.

"मी..." ते म्हणाले आणि थांबले. पुढचं त्यांना सुचत नव्हतं.

"आम्हाला घाई नाही, सर," मुलगी म्हणाली.